तालमीची नायिका

परवा जोह्याला गेले होते. आमच्या जुन्या कारखान्याच्या दारात उभी राहिले आणि आत पाऊल टाकायच्या आधी डोळे मिटून घेतले. बाकी काही नसलं तरी वास जागेवर असेल, अशी वेडी आशा होती. भिजत घातलेली शाडू, डिंक, रॉकेल, कोपऱ्यातला काथ्या आणि या सगळ्यावर पसरलेला पेंढ्याचा कोमट वास. आमच्याकडे गणपती घडवायच्या जागेला कारखाना म्हणतात आणि प्रत्येक घराला आपल्या कारखान्याचा वास अंधारातही ओळखता येतो. मला मात्र स्प्रेच्या रंगाचा उग्र भपकारा आला आणि ठसकाच लागला.

"दोन फुटी बघताय की अडीच, मॅडम?" भाड्याने जागा घेतलेला पोरगा अदबीने पुढे आला.

"काही नको रे बाबा. इथं आमचं नाटक बसायचं."

त्याने मागे वळून पाहिलं. छपरापर्यंत फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या मूर्ती, खाली पाय ठेवायला जागा नाही. "इथं? नाटक?" त्याचं आश्चर्य खरं होतं. आता मूर्ती बाराही महिने बसलेल्या असतात, त्या उठतच नाहीत, मग नाटक बसणार कुठे? मी हसले आणि मुकाट्याने पेणच्या रिक्षेत येऊन बसले. हमरापूरचा फाटा येईपर्यंत मला रडू आवरेना. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि शहाण्यासारखा रेडिओ बंद केला.

आमच्या लहानपणी कारखान्याला रिकामा ऋतू होता. अनंत चतुर्दशी झाली की फळ्या रिकाम्या व्हायच्या. कान तुटलेला एखादा, गिऱ्हाईक न आलेले दोन-तीन, एवढेच गणपती जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवलेले. जमीन शेणाने सारवली जायची. बाहेर भात पिवळं पडत असायचं, रात्री दारं उघडी टाकली की भाताचा वास आत यायचा आणि आतला मातीचा वास बाहेर जायचा. कापणी उरकली की दिवेलागणीनंतर एकेक जण पाय धुऊन यायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. मधोमध मोकळी जागा, वर एक पिवळा बल्ब. त्या बल्बखाली त्रिपुरी पौर्णिमेच्या नाटकाची तालीम चालायची.

नाटक एकच. दरवर्षी तेच. तीन अंकी, विनोदी, लग्न लागून संपणारं. दुसरं करून बघावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. गावदेवीला दरवर्षी नवा नारळ लागतो, नवं नाटक कशाला, असं आमचे मास्तर म्हणायचे. हे मास्तर शाळेतून निवृत्त झालेले आणि नाटकातून व्हायला तयार नसलेले. गोष्ट अगदी साधी होती. एका कंजूष बापाची एक शहाणी मुलगी. तिच्यावर जीव जडलेला एक तरुण. त्याला घरात शिरायची सोय नाही, म्हणून तो आचारी होऊन शिरतो. त्याला साधा भात शिजवता येत नाही. मुलीला हे पहिल्या घासालाच कळतं, पण ती बोलत नाही. बाप श्रीमंत स्थळ आणतो, मुलीची सखी आणि घरातला गडी मिळून त्या स्थळाची दाणादाण उडवतात, आणि शेवटी अक्षता.

पात्रं माणसांना चिकटली होती. बाप झालेले आमचे शेजारी बाराही महिने 'सासरे' होते, भाताच्या खळ्यावर, रेशनच्या दुकानात, मयताला गेले तिथेही. श्रीमंत स्थळ उस्मानभाईंकडे, कारण पंचक्रोशीत कोट त्यांच्याकडेच होता, भावाने कुवेतहून पाठवलेला. गडी म्हणजे सावळाराम, मिठागरावर काम करायचा, तळपायाला मिठाच्या भेगा आणि बोलायला लागला की समोरचा हसून आडवा. आणि नायक माझा काका. त्याला कुणी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. "हिरो, भाजी घेतलीस का?" "हिरो, तुझी म्हस सुटली बघ." काकाही अगदी गंभीरपणे ओ द्यायचा.

हा काका आखणी करायचा. मूर्तीचे डोळे रेखणं म्हणजे आखणी, आणि ती सगळ्यात शेवटी. अंगाचा रंग झाला, पीतांबर झालं, दागिने झाले तरी डोळे होईपर्यंत ती मातीच. काका श्वास रोखून एका झटक्यात भुवई ओढायचा, मग बुबुळ, मग कडेचा तो बारीक लाल. त्या वेळी कारखान्यात कुणी शिंकायचंही नाही. नाटकाच्या दिवशी तोच सगळ्यांचे चेहरे रंगवायचा. एका वर्षी मेकपचा डबा ऐन वेळी संपला, तर पठ्ठ्याने स्वतःच्या तोंडाला गणपतीच्या अंगाचा रंग फासला. तो काही केल्या निघेना. कितीतरी दिवस काका गुलाबी तोंडाने भात झोडत होता आणि येणारेजाणारे हात जोडत होते.

आता राहिली नायिका. आमच्या गावची बाई रंगमंचावर उभी राहत नसे. का, ते कुणी विचारायचंही नाही. नायिका आणि सखी अशा दोघी पनवेलहून सुपारी देऊन आणायच्या, आणि त्या यायच्या थेट नाटकाच्या दिवशी दुपारच्या गाडीने. मग तोवर तालमीत त्यांची वाक्यं कोण बोलणार? पुरुषांनी बोलली तर पोरं हसतात आणि तालीम मोडते. म्हणून ती काकाच्या बायकोच्या, कारखान्यातच कामाला असलेल्या काकीच्या वाट्याला आली. ती साचे घासत, काथ्या पिंजत बसलेली असायची, ऐकून ऐकून तिला सगळं नाटक पाठ होतं. मी चौदा-पंधरा वर्षांची, मला सखी दिली. आम्ही दोघी तालमीपुरत्या. पौर्णिमेला सकाळी सारवलेल्या जमिनीवरून उठायचं आणि संध्याकाळी बायकांच्या सतरंजीवर जाऊन बसायचं, हा करार होता. त्यात आपलं काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं, आम्हालाही नाही. काकी मला तेव्हापासून 'सखे'च म्हणते.

घरात काका-काकी एकमेकांशी बोलायचे नाहीत. भांडण नव्हतं हो, रीतच तशी होती. काकीचा सासरा ओटीवर बसलेला, सासू चुलीपाशी. "पानी ठेवलंय," असं काकी भिंतीला सांगायची, आणि काका भिंतीकडून ऐकल्यासारखा न्हाणीत जायचा. त्यांचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, त्यांचा नंदू शाळेत जायला लागला होता, पण दिवसाउजेडी दोघांना समोरासमोर बोलताना मी पाहिलेलं नव्हतं.

आणि रात्री तालमीत हाच काका तिला म्हणायचा, "बाईसाहेब, मला स्वयंपाक येत नाही हे तुम्हांला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग इतके दिवस जेवलात कशाला?"

हे दुसऱ्या अंकातलं वाक्य. एरवी 'पानी' आणि 'लोनी' म्हणणारा काका इथे पुण्याच्या माणसासारखा स्वच्छ बोलायचा. काकी त्याच्याकडे पाठ करून बसलेली असायची, कारण भिंतीला तिचा खरा सासरा बसलेला. हातातलं काम चालू, पदर कपाळापर्यंत, तोंड रिकाम्या फळ्यांकडे. काथ्या पिंजणारे हात थांबायचे. मग ती त्या फळ्यांना सांगायची, "वाढायला तुम्ही होतात म्हणून."

बल्बभोवती किडे फिरत असायचे. मास्तर म्हणायचे, "छान. पुढं."

मला त्या वयात काही कळत नव्हतं असं नाही. त्या वाक्याच्या आधी काकीची मान किंचित ताठ व्हायची, ती मी शेजारून बघायची. तालमीचे दिवस आले की ती संध्याकाळी डोक्याला तेल लावून वेणी घालायची, आणि सासूने विचारलं तर म्हणायची, "मातीनं क्यास खराब व्हतात." एकदा आम्ही दोघी ओहोळावर कपडे धूत होतो. ती एकदम म्हणाली, "सखे, ते वाक्य बोलताना यांचं तोंड कसं दिसतं गो? तू समोर असतंस ना?"

मी म्हटलं, "चांगलं दिसतं."

"चांगलं म्हंजी कसं?"

मी हातातला कपडा झटकायला लागले. ती हसली आणि काकाचाच सदरा दगडावर आपटायला लागली. तिला एवढंच हवं होतं. वर्षानुवर्षं पाठीवर घेतलेलं ते वाक्य एकदा समोरून ऐकायचं. ते नायिकेला म्हणतात की मला म्हणतात, एवढं फक्त तोंड बघून ठरवायचं. दुसरं काही तिने आयुष्यात मागितल्याचं मला ठाऊक नाही.

पाठीशी बोलायच्या सवयीने नाटकाच्या दिवशी गंमत व्हायची. पनवेलच्या शालिनीबाई मोठ्या तयारीच्या, बऱ्याच गावांच्या नायिका. पत्र्याची ट्रंक घेऊन उतरायच्या, चहा प्यायच्या आणि रंगायला बसायच्या. कुठल्या गावचा नायक कोण हे त्यांच्या लक्षात राहायचं नाही, भलत्याच नाटकातल्या नावाने त्या काकाला हाक मारायच्या आणि प्रेक्षक शिट्ट्या वाजवायचे. पण वाक्यं ठणठणीत. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या की काका बावचळायचा. ते वाक्य आलं की हळूहळू सरकत त्यांच्या पाठीमागे जायचा आणि अंबाड्याला सांगायचा, "मग इतके दिवस जेवलात कशाला?" शालिनीबाई दातांवर दात ठेवून कुजबुजायच्या, "अहो, माझ्या तोंडाकडे बघा ना!" गावाला वाटायचं, काय लाजरा नायक आहे, काय अभिनय आहे. सतरंजीवर बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. काकी हसायची नाही. ती मांडीवरच्या नंदूला थोपटत बसायची.

मग ते वर्ष आलं.

दुपारची गाडी आलीच नाही. जित्याला अडकली आहे, पुढे काहीतरी मोडलंय, असं कुणीतरी सायकलवरून येऊन सांगितलं. दिवस कलला. देवळापुढे मांडव सजलेला, जोहे-हमरापूरची माणसं बैलगाड्या सोडून बसलेली, भज्यांच्या कढया चढलेल्या. मास्तरांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि काकीकडे आले. काकी आमच्या चुलीपाशी वरणाला फोडणी देत होती.

"सूनबाई, आता तुम्हीच," मास्तर म्हणाले. "तुमच्या सासऱ्यांना विचारलंय. देवीचं काम हाय, उभी राहू दे म्हनाले."

काकी हो म्हणाली नाही. तिने पळी माझ्या हातात दिली आणि हात धुवायला गेली. इतकंच. पण ती न्हाणीत वेळ लावून तोंड धूत राहिली, साबणाचा वास स्वयंपाकघरापर्यंत आला. बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवेना, इतका तो उघडा होता. लग्नातला मोतिया शालू नेसली. मी मागून निऱ्या धरल्या. सखीही आली नव्हती, म्हणजे सखी मीच.

कारखान्यात रंगायला बसवलं. काकी पाटावर, काका समोर उकिडवा. चेहऱ्यासमोर चेहरा असे ते दोघं पहिल्यांदाच गावादेखत बसले असतील. काकीने डोळे मिटून घेतले. काकाने कपाळाला रंग लावला, गालांना लावला, ओठ रेखले, कुंकू लावलं. नाटकातले सासरे, उस्मानभाई, सावळाराम, सगळे दाटीने उभे राहून बघत होते. शेवटी डोळे राहिले. काकाने बारीक कुंचला काजळात बुडवला, श्वास रोखला, हात तिच्या पापणीपर्यंत नेला. काकीने डोळे उघडले.

काका तसाच थांबला. मग त्याने कुंचला खाली ठेवला.

"नाय," तो म्हणाला. "ही नको."

आणि उठून बाहेर गेला.

मास्तर त्याच्यामागे धावले, उस्मानभाई ओरडले, "अरे हिरो, डोकं फिरलं काय तुझं?" नाटकातल्या सासऱ्यांनी बाहेर त्याला धरून हलवलं. काका मान खाली घालून एकच म्हणत होता, "ही नको." का, ते त्याने तेव्हा सांगितलं नाही, पुढेही नाही. आत काकी पाटावर बसून होती. सगळा चेहरा रंगलेला, डोळ्यांची जागा कोरी. आमच्या घरात डोळे न झालेली मूर्ती कुणी उघडी ठेवत नाही. मी काही न सुचून तिच्या डोक्यावरून पदर ओढला. तिने तो बाजूला केला आणि म्हणाली, "पानी दे गो, तोंड धुते."

नायिका सावळारामने केली. काकीचाच शालू, चोळीत कापसाचे बोळे, पायाला मिठाच्या भेगा. त्याला एक वाक्य धड येत नव्हतं, मिश्या घाईत अर्ध्याच काढलेल्या. लोक हसून हसून लोळले. काकीला सोडून मी उभी राहायला तयार नव्हते, म्हणून गड्याची आणि सखीची वाक्यंही तोच घोगऱ्या आवाजात बोलला. तसं नाटक पुन्हा झालं नाही, असं लोक अजून म्हणतात. मी सतरंजीवर काकीला चिकटून बसले होते. तिच्या कानामागे रंगाचा एक ओघळ राहिला होता. दुसऱ्या अंकात काका पुढे आला, आणि सावळारामच्या तोंडाकडे सरळ बघून, एकदाही न अडखळता बोलला, "मग इतके दिवस जेवलात कशाला?" सावळारामला उत्तर आठवेना. तो डोळे मिचकावत उभा. सगळा मांडव हसत होता, आणि माझ्या शेजारी काकीचे ओठ हलले. आवाज नव्हता. मला ते हलणारे ओठ अजून दिसतात, आणि तेव्हाचा काकाचा राग मला अजून येतो.

पुढच्या वर्षी भातं कापून झाली, कारखाना सारवला, बल्ब लागला. मास्तर काकीला बोलवायला गेले.

"मला काय येत नाय आता," काकी म्हणाली. "इसरले."

तिने वेणी घालणं सोडलं नाही, पण संध्याकाळची घालायची ती सकाळी घालायला लागली. तालमीची नायिका म्हणून एक पोरगा उभा राहिला, पोरं हसायला लागली, तालमी मोडत गेल्या. आणखी काही वर्षं नाटक झालं, पण रेटून. उस्मानभाई कोट घेऊन कुवेतला गेले. मास्तर गेले. गणपतींना परदेशातून मागणी यायला लागली, दिवाळीनंतर लगेच साचे निघायला लागले आणि रिकामा ऋतू आक्रसत आक्रसत नाहीसा झाला. काका-काकी एकाच घरात राहिले, एकाच ताटातलं उरलंसुरलं जेवले, नंदूचं लग्न केलं. सासू-सासरे गेल्यावर तर बोलायला आडकाठीही नव्हती. पण काकी भिंतीशी बोलायची ती बोलतच राहिली. "पानी ठेवलंय." सवय लागली की लागली.

नंदूला रोह्याला कंपनीत नोकरी लागली, रोह्याशेजारच्या वरशाला त्याने फ्लॅट घेतला आणि दोघांना तिथे नेलं. मी लग्न होऊन पेणला. गाडीने तासाभराचा रस्ता, पण जाणं होतं कुठे? गेलं की काकी गॅलरीत नेऊन कंपन्यांची धुराडी दाखवायची. "तिकडं नंदूची शिफ्ट," म्हणायची. काका आत भिंतीकडे बघत बसलेला. हातात कुंचला नाही, म्हस नाही, त्याला 'हिरो' म्हणणारं सबंध वरशात कुणी नाही.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. नंदूचा फोन आला, "ताई, बाबा काहीच बोलत नाय. नाव पन नाय सांगत." आठवड्याने परत फोन. "ताई, तू ये. बाबा बोलायला लागलेत, पन काय बोलतात त्ये आमाला कळत नाय."

मी गेले. काका उशीला टेकून बसवलेला. मला बघून त्याचा चेहरा हलला, आणि अर्ध्या ओठांनी, पण एकेक अक्षर स्वच्छ, तो म्हणाला, "बाईसाहेब, मला स्वयंपाक येत नाही हे तुम्हांला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मी खाटेच्या कडेला टेकले.

सगळी भाषा पुसली गेली होती आणि तेवढं वाक्य शिल्लक होतं. डॉक्टरांनाही तो तेच म्हणायचा, हातपाय हलवून घ्यायला येणाऱ्या मुलालाही तेच. तो बिचारा म्हणायचा, "आजोबा, मी डबा आणतो हो घरून." आम्ही हसायचो, काय करणार. पण जेवायच्या वेळी हसू यायचं नाही. काकी पेज घेऊन समोर बसायची. एक चमचा, दुसरा चमचा. ओघळ पुसायची. मग काका मान वर करून सरळ तिच्या तोंडाकडे बघायचा आणि म्हणायचा, "मग इतके दिवस जेवलात कशाला?"

आणि थांबायचा. तो उत्तराची वाट बघतोय हे आंधळ्यालाही कळलं असतं. भुवया उचललेल्या, ओठ थोडे उघडे. काकी चमचा पेजेत फिरवत बसायची. बोलायची नाही. काका पुन्हा म्हणायचा. पुन्हा थांबायचा. माझ्याने बघवेना. मी म्हटलं, "वाढायला तु..."

काकीने डावा हात माझ्या तोंडावर दाबला. पेजेने ओला झालेला हात. "तू नको," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

गाडीत बसून पेणला येताना मला काकीचा फार राग आला. एवढा सूड? काकाने पाटावर बसवून उठवलं, मान्य. आयुष्यभर का ते सांगितलं नाही, तेही मान्य. पण आता तो देहाने मोडलाय, दोन शब्दांसाठी आसुसलाय, आणि हिच्याकडे ते दोन शब्द आहेत. द्यावेत ना. मी नंदूलाही बोलले. तो म्हणाला, "मी सांगून बघितलं गो ताई. ती उठून आत जाते."

गणपती उठले आणि काका गेला. दुपारी, पेज घेता घेता.

दिवस झाले, पाहुणे पांगले. परवा जोह्याहून आले, एक रात्र कशीबशी पेणला काढली आणि काल सकाळी उठून वरशाला गेले. काकी गॅलरीत वेणी घालत बसली होती. केस पांढरे, वेणी बोटाएवढी. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. औषधांचा वास अजून भिंतींना होता.

"कारखान्यात गेले होते," मी म्हटलं.

"काय बघाया?"

"असंच."

तिने वेणीचा पेड ओढून घेतला. मग स्वतःच म्हणाली, "एक दिवस मी विचारलं यांना. नंदू शिफ्टला, सून बाजारात. म्हटलं, त्या दिवशी नाय का म्हनलात? काय खोट होती माज्या तोंडात? आता तरी सांगा." ती वेणीला गाठ मारायला लागली. "तर काय म्हनाले माहीत हाय?"

"मग इतके दिवस जेवलात कशाला," मी म्हटलं.

"व्हय!" काकी हसली. इतकी हसली की तिला खोकला लागला, मीही हसले, आणि मग आम्ही दोघी रडत होतो. शेजारच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालायची थांबली.

जरा निवल्यावर मी विचारलं. विचारल्याशिवाय मला परत जाता आलं नसतं. "काकी, तू उत्तर का दिलं नाहीस गो? इतका राग होता?"

"राग?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच दुखण्यातून उठले होते. "सखे, समोर बघून बोलायचे गो. माज्या तोंडाकडं. दिसातनं किती डाव."

"मग?"

"मग काय? तू व्हतीस ना नाटकात? माजं वाक्य झालं की पुढं काय व्हतं, सांग."

मी आठवून पाहिलं. पिवळा बल्ब, मास्तरांचं 'पुढं'. "त्याचं सोंग उघडं पडतं. बाप येतो."

"आनि?"

"आणि त्याला घराबाहेर काढतो."

"काढतो. माजं वाक्य झालं की हे दारातनं भायेर जातात, आनि पडदा." काकीने विंचरलेले केस बोटाला गुंडाळले, त्यांची गुंडी करून मुठीत धरली. "म्हनून नाय बोलले. म्हटलं, मी बोललेच नाय तर जातील कसे?"

खाली रस्त्यावरून कंपनीची बस गेली. ती लांब जाईपर्यंत काकी बघत राहिली.

"ओठ दाबून बसले गो सखे, शेवटपातूर. तरी गेले."